चालून दाखव

रविवारी सकाळी नदीकाठच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. शहराने नदीच्या कडेने हा लांबलचक रस्ता बांधला, तेव्हा त्याचे दोन भाग केले. पाण्याच्या बाजूला, लोखंडी कठड्यालगत, पायी चालणाऱ्यांसाठी करड्या फरश्या. झाडांच्या बाजूला सायकलींसाठी तांबडा पट्टा. त्या तांबड्या पट्ट्यावर बँकेतल्या एक कॅशियर बाई सायकलचं हँडल इतकं घट्ट धरून चालल्या होत्या, की कोणी ते हिसकावून नेईल अशी त्यांना धास्तीच असावी. शेजारून दुसऱ्या सायकलवर त्यांना शिकवणारी मुलगी निवांत येत होती.

"बाई, चाकाकडे नका बघू. चाक कुठे पळून जात नाहीये. समोर बघा."

"अगं, समोर बघितलं की समोरचा माणूस दिसतो!"

"तो होईल बाजूला. त्यालाही जीव प्यारा आहे."

बाई हसल्या, आणि हसण्याच्या नादात पहिल्यांदाच सरळ रेषेत गेल्या.

ही मुलगी घरात धाकटी, म्हणून घरी आणि गल्लीत तिला धाकटीच म्हणत. नदीकाठी मात्र ती 'सायकलवाली' होती. आठवडाभर ती एका छापखान्यात संगणकावर पानं लावायची आणि रविवारी इथे येऊन मोठ्या बायकांना सायकल शिकवायची. कुणाची सून, कुणाची आजी, कुणी परिचारिका. लहानपणी ज्यांना कोणी सायकल हातात दिली नव्हती अशा सगळ्या. सायकलवर धाकटी वाऱ्यासारखी असे. खाली उतरून चालू लागली की मात्र कळायचं. लहानपणी जिन्यावरून पडून तिच्या उजव्या पायाचं हाड मोडलं होतं. ते जुळलं, पण आखूड जुळलं. प्रत्येक पावलाला तिचं अंग उजवीकडे झुकायचं. तिच्या शिष्यिणींना त्याचं काही नव्हतं. जगाला होतं.

त्या दिवशी ती घरी आली तेव्हा आई जिन्यातच उभी होती. खाली वडिलांचं इस्त्रीचं दुकान आणि वर दोन खोल्या, असं त्यांचं घर. दुकानातली वाफ जिन्याने वर यायची आणि घराला कायम धुतलेल्या कपड्यांचा वास असायचा.

"काकूंचा फोन होता," आई म्हणाली. "गुरुवारी येतायत पाहुणे."

काकू म्हणजे स्थळं जुळवणाऱ्या बाई. मुलगा विमा कंपनीत, घर स्वतःचं, माणसं सुशिक्षित. एकच गोष्ट आईला खटकली होती. पाहुण्यांना घरी यायचं नव्हतं. 'नदीकाठी भेटू, मोकळ्या हवेत, मुलं जरा मोकळेपणी बोलतील,' असं त्यांचं म्हणणं होतं.

"नव्या विचारांची माणसं दिसतात," वडील म्हणाले.

"नव्या विचारांची खरी, पण तिथे चालावं लागेल ना हो!" आई म्हणाली.

आईची भीती उगाच नव्हती. यापूर्वी आलेल्या स्थळांत सगळं सुरळीत चालायचं. मुलगी हसतमुख, कामात हुशार, बोलण्यात चटपटीत. मग चहाचे कप उचलायला ती उठायची. ती उठली की पाहुणेही उठायचे. दुसऱ्या दिवशी काकूंचा निरोप: बाकी सगळं छान आहे, पण. त्या 'पण'च्या पुढचं वाक्य कोणी पुरं करत नसे. आई ते रात्रभर मनातल्या मनात पुरं करायची.

या वेळी तिने पक्का बेत केला होता.

"हे बघ, पाहुणे यायच्या आधीच आपण बाकावर जाऊन बसायचं. ते येतील, बसतील, बोलतील, जातील. तू उठायचंच नाहीस."

"मोठी माणसं आली की उठून उभं राहायचं, हे तूच शिकवलंस ना?"

"तेवढ्या दिवशी विसर."

"आणि उठावं लागलंच तर?"

आईने पलंगाखालून खोकं ओढलं. आत काळे, घोट्यापर्यंतचे बूट होते. उजव्या बुटात आतून जाड तळ शिवून घेतला होता. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच.

मग रोज संध्याकाळी सराव सुरू झाला. स्वयंपाकघराच्या दारापासून खिडकीपर्यंत आणि परत. आई पलंगावर बसून सूचना द्यायची. खांदे सरळ. घाई नको. उजवा पाय आपटू नकोस. बुटात टाच सोलून निघाली, तेव्हा आईनेच फुंकर घालून मलम लावलं आणि पुन्हा म्हणाली, "अजून एकदा."

बुधवारी संध्याकाळी थोरली बहीण आली. नदीच्या पलीकडे तिचं सासर. लग्न झाल्यापासून ती फारशी येत नसे. आली तरी घड्याळाकडे बघत बसायची. आज मदतीला म्हणून आली होती आणि स्वयंपाकघरात भाजी चिरत होती.

"लग्न झाल्यावर काय करू मग?" खिडकीपाशी वळताना धाकटीने विचारलं. "झोपतानाही बूट घालू?"

"लग्नानंतर कळलं तर कळलं. मग काय, परत पाठवतात?" आई म्हणाली.

आत चिरण्याचा आवाज थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

रात्री वडील जेवायला वर आले, तेव्हा दोघी बहिणी दुकानात जाऊन चादरींच्या घड्या घालू लागल्या. चादरीचं एक टोक हिच्या हातात, दुसरं तिच्या. अशा वेळी त्या समोरासमोर असत, आणि थोरलीला ऐकायला ते सोयीचं पडे. तिला डाव्या कानाने जन्मापासून ऐकू येत नसे.

"माझ्या वेळी आईनं मला भिंतीला डावा कान लावून बसवलं होतं. आठवतं तुला?" थोरलीने विचारलं.

"आठवतं. मी पाणी घेऊन आले होते."

"लग्नानंतर काही दिवसांतच कळलं त्यांना. कळणारच होतं." तिने चादर झटकली. "आता काय करतात, माहितेय? जेवायला चार माणसं असली, की हे माझ्या डाव्या बाजूला बसतात आणि हळूच काहीतरी बोलतात. मी आपली जेवत राहते. सगळे हसतात. सगळे हसले, म्हणून मीही हसते. मग ते आणखी हसतात."

"काय बोलतात?"

"मला काय माहीत? मला ऐकू येत नाही ना."

धाकटीच्या हातातलं टोक सुटलं.

"आईला सांगितलंस?"

"सांगितलं. आई म्हणाली, आपणच लपवलं, तेव्हा थोडं सोसायला हवं. सासूबाई रोज म्हणतात, फसवून गळ्यात मारली. त्यावर मी काय बोलणार? तोंड उघडायची सोयच ठेवली नाही मला."

"ताई, मग मी काय करू?"

थोरलीने सुटलेलं टोक उचलून तिच्या हातात दिलं. "मला नको विचारूस. मी काही सांगितलं आणि तुझं मोडलं, तर आई मला जन्मभर बोलेल. ते टोक धर नीट."

गुरुवारी ऊन उतरल्यावर ते सगळे नदीकाठी गेले. ठरल्याप्रमाणे आधीच. आईने धाकटीला बाकाच्या मधोमध बसवलं, तिचा पायघोळ पोशाख नीट केला, बूट झाकले. थोरलीला बाकाच्या डाव्या टोकाला बसवलं, म्हणजे तिचा चांगला कान पाहुण्यांकडे येईल. वडील कठड्याला टेकून उभे राहिले. समोरून माणसं चालत होती, सायकली घंटी वाजवत जात होत्या.

पाहुणे आले. मुलाचे आईवडील, मुलगा, काकू आणि मुलाची आत्या. बोलण्याची सगळी सूत्रं आत्याबाईंकडे होती. त्यांनी शिक्षण विचारलं, नोकरी विचारली, रंग पाहिला, दात पाहिले. तेही हसवून हसवून, की मुलीने हसावं आणि दात दिसावेत. मुलगा दिसायला बरा होता. एकदोनदा त्याने धाकटीला छापखान्याबद्दल खरोखर कुतूहलाने विचारलं, पण प्रत्येक वेळी तिच्या उत्तरावर आत्याबाईंचा पुढचा प्रश्न येऊन आदळला.

"घरी भेटण्यात काय अर्थ आहे हो?" आत्याबाई म्हणाल्या. "घरी मुली बसलेल्याच असतात. इथे कसं, चालता-बोलता माणूस कळतो. मागच्या खेपेला आम्ही फसता फसता वाचलो."

"चल मुली," मुलाची आई म्हणाली, "त्या पुलापर्यंत जाऊन येऊ. तू हो पुढे, आम्ही येतोच मागून."

"तिला जरा ताप येऊन गेलाय," आई घाईघाईने म्हणाली.

"मग तर मोकळी हवा चांगलीच. ऊठ गं. चालून दाखव जरा," आत्याबाई म्हणाल्या.

मोकळेपणी बोलायला म्हणून ही जागा निवडलेली नव्हती, हे आता सगळ्यांनाच कळलं. दोन्ही घरं नव्या रस्त्यावर येऊन बसली होती आणि दोन्ही घरांनी जुनाच बाजार मांडला होता. एक माल झाकत होतं, दुसरं पारखत होतं.

धाकटी उठली. सरावाप्रमाणे खांदे सरळ ठेवले आणि चालू लागली. बूट चांगले शिवले होते. कोणाला काही कळलं नाही. आईच्या चेहऱ्यावर उजेड पडला. आत्याबाईंनी काहीतरी विनोद केला आणि पाहुणे हसले. धाकटीने वळून पाहिलं. बाकाच्या टोकाला थोरलीही हसत होती. त्या गोंगाटात तिला विनोद ऐकू गेला नव्हता, हे धाकटीला स्पष्ट दिसलं. सगळे हसले, म्हणून ती हसत होती.

धाकटी परत आली. बाकावर बसून तिने बुटांच्या नाड्या सोडल्या. दोन्ही बूट काढून आत्याबाईंच्या शेजारी ठेवले.

"अगं, काय करतेस?" आई कुजबुजली.

"चालून दाखवते."

आणि ती अनवाणी, करड्या फरश्यांवरून निघाली. उजवीकडे झुकत, सावरत, पुन्हा झुकत, आपल्या नेहमीच्या चालीने. लोक बाजूला होत होते. काही वळून बघत होते. पुलाच्या अलीकडे समोरून कॅशियर बाई आल्या.

"अगं सायकलवाली! आज पायी?"

"हो बाई. आज परीक्षा आहे."

"कसली?"

"चालायची."

बाईंनी लांबच्या बाकाकडे पाहिलं, तिथे खिळून बसलेली माणसं पाहिली, आणि त्यांना कळायचं ते कळलं. "मग मीही येते," म्हणून त्या तिच्या बरोबरीने चालू लागल्या. पुलापर्यंत जाऊन दोघी परत आल्या.

"पाहिलंत?" बाकासमोर उभी राहून धाकटी म्हणाली. तिला धाप लागली होती, पण आवाज स्थिर होता. "हा माझा पाय. लहानपणी मोडला, आखूड जुळला. आईनं लपवला, कारण पाहिल्यावर माणसं उठून जातात. तुम्ही घरी न येता इथे आलात, कारण तुम्हाला संशय होता. लबाडी दोन्हीकडून. माझं चालून झालं." ती मुलाकडे वळली. "आता तुम्ही चालून दाखवा."

"मी?"

"हो. पुलापर्यंत. मी मागून बघते."

मुलगा अर्धवट उठला. थट्टा आहे की खरं, हे त्याला उमगेना. आत्याबाईंनी त्याची बाही ओढली. "बस खाली! मुलांना कोणी चालायला लावतं का?"

तो बसला.

"चालता येत असेल त्यांना," धाकटी म्हणाली. "उठता येत नाही."

कॅशियर बाईंना हसू आवरलं नाही. पाहुणे चहाही न घेता गेले, आणि त्यांच्या मागोमाग काकूही.

त्या रात्री घरात चूल पेटली, पण कोणाला घास गेला नाही.

"मी काय वैरीण आहे तुझी?" आई रडत होती. "तुझं चांगलं व्हावं म्हणून लोकांपुढे खोटं बोलले मी!"

"वैरीण असतीस तर हे तुला सांगत बसलेच नसते. आई, ताईच्या वेळीही तू चांगल्यासाठीच लपवलंस. तिचं काय चांगलं झालं, ते तिला एकदा नीट विचार."

पुढचे काही दिवस आई कोणाशीच धड बोलली नाही. मधे एकदा त्या मुलाचा धाकटीला फोन आला. तो म्हणाला, "मला पायाचं काही वाटत नाही. तू आवडलीस मला. फक्त घरच्यांना समजवायला वेळ लागेल. तोवर कोणाला न सांगता भेटू या का?"

"कोणाला न सांगता?"

"हो, म्हणजे सध्यापुरतं."

"आमच्या घरात लपवालपवी पुष्कळ झाली. तुमच्या आईसमोर 'तू आवडलीस' म्हणता आलं, तर उघडपणे घरी या." ती वाट बघत राहिली नाही, आणि तो आलाही नाही.

नदीकाठची हकिकत पसरत पसरत पलीकडच्या तीरावर पोहोचली. थोरलीच्या सासूबाईंनी निरोप धाडला: येऊन जा, बोलायचं आहे. आईवडील आणि धाकटी गेले. बैठकीच्या खोलीतल्या खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. बसलं की ते करकरायचं.

"चारचौघांत शोभा झाली," सासूबाई म्हणाल्या. "लोक आम्हाला विचारतात, तुमच्या सुनेची बहीण ना ती? आधीच एक फसवणूक आम्ही पदरात घेतली आहे. निदान धाकट्या लेकीला तरी आवरा."

आई मान खाली घालून ऐकत होती. तेवढ्यात थोरली चहा घेऊन आली. तिचा नवरा उठून तिच्या डाव्या बाजूला गेला आणि हलक्या आवाजात, हसत हसत म्हणाला, "ही बहिरी, ती लंगडी, आता आई तेवढी मुकी निघाली की झालं."

सासूबाई फिसकन हसल्या. थोरलीने त्यांचं हसणं पाहिलं आणि तीही हसली. हसतच तिने चहाचा कप आईपुढे धरला.

लेकीने सांगितलं होतं, तेव्हा आईने ते कानांनी ऐकलं होतं. आज ते डोळ्यांपुढे घडलं. तिचा हात कपाकडे गेलाच नाही. ती उठली, लेकीच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि जावई जे बोलला होता ते शब्दन् शब्द, मोठ्याने, तिला सांगितलं.

"असं बोलले जावई आत्ता. तू हसलीस त्याला."

थोरलीच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी विझलं.

"अहो, गंमत केली," जावई म्हणाला.

"मी मुकी नाही," आई त्याला म्हणाली. "तिचा कान मी लपवला. पाप माझं आहे, तिचं नाही. तुम्हाला काय बोलायचं ते मला बोला, माझ्या तोंडावर. तिच्या बहिऱ्या कानात नाही."

"म्हणजे आमची फसवणूक झाली त्याचं काही नाही?" सासूबाई उसळल्या.

"झाली ना फसवणूक," थोरलीने तबक टेबलावर ठेवलं. तिचा आवाज आधी कापला, मग ठाम झाला. "त्याचा तुम्हाला राग आला असता, तर मी समजून घेतलं असतं. भांडला असतात, तरी ऐकलं असतं. पण तुम्हाला राग नव्हता. मजा होती. रोज जेवताना मजा." ती आईकडे वळली. "मी येते तुझ्याबरोबर."

नवरा सवयीने तिच्या डाव्या बाजूने काहीतरी पुटपुटला. ती पूर्ण वळली.

"काय म्हणालात? इकडून बोला."

"आज गेलीस तर परत यायचं नाही, म्हटलं."

"ऐकू आलं," ती म्हणाली, आणि आत जाऊन आपले कपडे भरू लागली.

वडिलांनी लेकीच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली आणि दार उघडून उभे राहिले.

त्यानंतर सगळं गोडीगुलाबीत झालं असं नाही. गल्लीत कुजबुज झाली. काही गिऱ्हाइकांनी कपडे दुसरीकडे नेले. थोरलीने एका पुस्तकांच्या दुकानात काम धरलं; पहिल्याच दिवशी मालकाला सांगून टाकलं, की हाक मारायची तर उजवीकडून मारा. तो 'बरं' म्हणाला आणि विषय संपला. एवढ्याशा 'बरं'साठी आपण इतकी वर्षं भिंतीला कान लावून बसलो, म्हणून ती घरी येऊन आधी हसली आणि मग खूप रडली.

एका संध्याकाळी काकूंचा फोन आला. राग विसरून त्यांनी धाकटीसाठी नवं स्थळ आणलं होतं. दोघी बहिणींची छपाईच्या कुठल्याशा चुकीवरून वादावादी चालली होती. आईने त्यांना हाताने गप्प केलं आणि फोनवर म्हणाली, "त्यांना आधीच सांगा, मुलीचा एक पाय आखूड आहे, चालताना दिसतं. थोरली सासर सोडून आली आहे, तेही सांगा. आणि मुलाकडचं जे काही असेल, ते आम्हाला आधी कळवा."

"अहो, असं आधीच सांगितलं तर येणार कोण?"

"येईल तो येईल. नाही आलं कोणी, तर आमचं घर काही ओस पडत नाही."

तिने फोन ठेवला आणि पोळी करपतेय म्हणून ओरडत आत धावली.

या गोष्टीला बरेच दिवस झाले. अजून कोणी आलेलं नाही. घर ओस पडलेलं नाही.